युनियन फायर कंपनी (फिलाडेल्फिया)

युनियन फायर कंपनी : उत्तर अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे ७ डिसेंबर १७३६ रोजी स्थापन झालेले स्वयंसेवी अग्निशमन मंडळ. संस्थापकांत बेंजामिन फ्रँकलिन (१७०६–१७९०) प्रमुख होते. पेनसिल्व्हेनिया तेव्हा ब्रिटिश वसाहत होती आणि फिलाडेल्फियाची वस्ती दहा हजारांच्या आसपास, म्हणजे आजच्या हिशेबाने लहान गावाएवढी होती. अमेरिकेतील स्वयंसेवी अग्निशमन दलांची परंपरा सहसा या मंडळापासून सांगितली जाते. मात्र मंडळाचा मूळ करारनामा वाचला, तर आग विझवण्याइतकीच, किंबहुना त्याहून जास्त काळजी घरातला माल बाहेर काढण्याची आणि तो चोरीला जाऊ न देण्याची केलेली दिसते. आज सार्वजनिक सेवा समजल्या जाणाऱ्या अग्निशमन दलाचे मूळ येथे शेजाऱ्यांनी आपसांत केलेल्या लेखी करारात आहे.

पार्श्वभूमी : पेनसिल्व्हेनिया वसाहतीचे संस्थापक विल्यम पेन यांनी १६८२ मध्ये फिलाडेल्फिया वसवले. लंडनची १६६६ ची भीषण आग त्यांच्या पिढीच्या डोळ्यांसमोर होती. ‘कधीही न जळणारे आणि सदैव निरोगी राहणारे हिरवे खेडेवजा गाव’ अशी त्यांची कल्पना होती. रस्ते रुंद असावेत, प्रत्येक घर आपल्या जमिनीच्या मधोमध असावे आणि भोवती बागा व फळझाडे असावीत, असे त्यांनी सुचवले होते. वस्ती वाढली ती मात्र वेगळ्याच रीतीने. डेलावेअर नदीवरच्या धक्क्यांजवळ राहण्याची सगळ्यांनाच ओढ होती. त्यामुळे नदीकाठच्या मोठ्या जागांचे तुकडे पडले, मधून अरुंद बोळ निघाले आणि भिंतीला भिंत लागून घरे उभी राहिली. भिंती बऱ्याच ठिकाणी विटांच्या असल्या तरी छपरे लाकडी फळ्यांची असत. प्रत्येक घरात चुलाणे आणि धुराडे होतेच.

१७०० च्या सुमाराच्या प्रांतिक कायद्यांनी आगीचा बंदोबस्त घराघरावर सोपवला होता. धुराडे पुसण्यासाठी बारा-चौदा फूट लांब दांड्याचा बोळा आणि चामड्याच्या दोन बादल्या प्रत्येक घरमालकाने तयार ठेवायच्या होत्या. धुराडे साफ न केल्याने पेटले, तर दंड होता. रस्त्यात तंबाखू ओढणाऱ्यालाही दंड होता. गावाने १७१८ मध्ये एका व्यापाऱ्याकडून ५० पौंडांना एक हातबंब विकत घेतला. तो चालवण्यासाठी ठरलेली माणसे मात्र नव्हती. आग लागली की ओरडा व्हायचा, चर्चची घंटा वाजायची आणि जो तो धावत सुटायचा.

एप्रिल १७३० मध्ये फिशबर्न यांच्या धक्क्यावर लागलेल्या आगीत नदीकाठची गोदामे जळाली आणि आग रस्ता ओलांडून पलीकडच्या घरांना लागली. नुकसान काही हजार पौंडांचे झाले. फ्रँकलिन तेव्हा चोविशीचे होते आणि ‘पेनसिल्व्हेनिया गॅझेट’ हे वृत्तपत्र चालवत होते. वारा फारसा नव्हता, चांगले बंब आणि साधने असती तर आग पसरली नसती, असे लोकांचे मत त्यांनी छापले. यानंतर नगर प्रशासनाने आणखी बंब, बादल्या, शिड्या आणि पेटलेली छपरे ओढून पाडण्याचे लोखंडी आकडे यांची तजवीज केली. इंग्लंडहून बंब मागवले गेले. साधनांची उणीव भरून निघू लागली, पण ती वापरणारी संघटना अजून नव्हती.

फ्रँकलिन यांचे पत्र : ४ फेब्रुवारी १७३५ च्या ‘गॅझेट’मध्ये ‘ए. ए.’ अशा सहीचे एक पत्र आले. पत्रलेखक स्वतःला गावातला म्हातारा रहिवासी म्हणवतो. प्रत्यक्षात ते एकोणतीस वर्षांच्या फ्रँकलिननी लिहिले होते. तोळाभर खबरदारी शेरभर औषधाच्या तोलाची असते, अशा अर्थाचे त्यांचे प्रसिद्ध वाक्य याच पत्रातले आहे. हे वाक्य हल्ली आरोग्याच्या संदर्भात जिकडेतिकडे सांगितले जाते, पण मुळात ते आगीविषयी आणि अगदी ठरावीक गोष्टीविषयी आहे : जळते निखारे उघड्या फावड्यावर घेऊन एका खोलीतून दुसऱ्या खोलीत किंवा जिन्यावरून वर-खाली नेऊ नका, न्यायचेच तर झाकणाच्या भांड्यातून न्या. निखाऱ्याचा कण फटीत पडला तर मध्यरात्रीपर्यंत पत्ता लागत नाही आणि मग जिना पेटलेला असल्याने खिडकीतून उडी टाकण्याची पाळी येते, असे पत्रात बजावले आहे.

हे पत्र आजही वाचनीय आहे ते त्यातल्या बारकाव्यांमुळे. चुलाण्याभोवतीच्या लाकडी नक्षीपट्ट्या धोक्याच्या आहेत. चुलाण्यापुढची फरशी अपुरी असते. धुराडी साफ करणाऱ्यांना नगराध्यक्षांनी परवाने द्यावेत आणि साफ केल्यावर पंधरा दिवसांच्या आत धुराडे पेटले तर दंड त्या साफ करणाऱ्याकडून घ्यावा, अशा सूचना त्यात आहेत. सगळ्यांत महत्त्वाचे निरीक्षण पाण्याविषयीचे आहे. गावात बंब आता पुरेसे आहेत, पण पुष्कळ भागांत ते अर्धा तास चालू ठेवण्याइतके पाणी तरी मिळेल का, अशी शंका लेखक काढतो आणि सार्वजनिक पंपांची मागणी करतो. आगीचा बंदोबस्त हा यंत्रांपेक्षा पाण्याचा आणि माणसांचा प्रश्न आहे, हे ज्याने इतक्या लवकर ओळखले, त्याच्या हातून पुढची व्यवस्था नीट बसली यात नवल नाही.

पत्रात बॉस्टनचे उदाहरण आदराने दिले आहे. फ्रँकलिन यांचा जन्म बॉस्टनचा. तेथे १६७९ च्या सुमारास गावाने इंग्लंडहून हातबंब आणून तो चालवण्यासाठी मोबदला ठरवून माणसे नेमली होती. पुढे १७१७ च्या सुमारास तेथील काही नागरिकांनी एकमेकांचा माल वाचवण्यासाठी मंडळही काढले होते. त्याचे सदस्य बादल्या आणि पोत्यांबरोबर पलंग उकलण्याची किल्लीही बाळगत, कारण घरातल्या सर्वांत मौल्यवान वस्तूंत पलंग मोडत असे. तेव्हा युनियन कंपनीला ‘पहिली’ म्हणायचे ते जपूनच. बिनपगारी, लेखी नियमांनी बांधलेले, पुढे स्वतःचे बंब बाळगणारे आणि ज्याच्या नमुन्यावर गावोगावी मंडळे निघाली असे संघटन, एवढ्या अर्थाने ते पहिले.

करारनामा : मंडळाच्या करारनाम्याची कलमे थोडी आणि स्पष्ट आहेत. प्रत्येक सदस्याने स्वखर्चाने चामड्याच्या दोन बादल्या आणि जाड्याभरड्या लिननच्या कापडाची चार पोती ठेवायची. प्रत्येक पोत्याला निदान चार वार कापड आणि तोंडाशी ओढून आवळता येईल अशी दोरी असली पाहिजे. बादल्या आणि पोत्यांवर मालकाच्या नावाची आद्याक्षरे आणि ‘कंपनी’ हा शब्द घालायचा. या वस्तू घरात चटकन हाती लागतील अशा ठेवायच्या आणि दुसऱ्या कोणत्याही कामाला वापरायच्या नाहीत; हयगय केली तर पाच शिलिंग दंड. आगीत बादली हरवली, तर मात्र मंडळाच्या निधीतून नवी मिळे.

पोत्यांची संख्या बादल्यांच्या दुप्पट आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. विमा नसलेल्या काळात घरातले कपडे, अंथरूण-पांघरूण, भांडी आणि दुकानातला माल हीच बहुतेकांची आयुष्यभराची मिळकत होती. पेटलेले घर दोन बादल्यांनी वाचेल याची खात्री कोणालाच नव्हती, पण चार पोती भरून माल बाहेर काढता येणे शक्य होते. आगीच्या गोंधळात चोरटे घुसत, म्हणून आणखी एक कलम आहे : धोक्यात असलेल्या सदस्याच्या घराच्या दारांशी दोन सदस्यांनी, माल सुरक्षित जागी पोहोचेपर्यंत, सतत उभे राहायचे आणि संशयास्पद माणसाला आत जाऊ किंवा काही बाहेर नेऊ द्यायचे नाही. रात्री आगीची हाकाटी ऐकू येताच जवळ राहणाऱ्यांनी आपल्या खिडक्यांत दोन किंवा अधिक दिवे लावायचे. रस्त्यावर दिवे नसलेल्या गावात धावपळ करणाऱ्यांना वाट दिसण्याचा हा साधा आणि पक्का उपाय होता.

चिटणीसपद कोणा एकाकडे ठेवले नव्हते. करारावरील सह्यांच्या क्रमाने प्रत्येकाने महिनाभर चिटणीस व्हायचे, घरोघर जाऊन बादल्या-पोत्यांची तपासणी करायची, दंड गोळा करायचा आणि सभेच्या निदान सहा तास आधी सर्वांना निरोप पोहोचवायचा. सभा दर महिन्याच्या शेवटच्या सोमवारी संध्याकाळी भरे. तीत जेवणखाण, गप्पा आणि आगीसंबंधी सुचलेल्या विचारांची देवाणघेवाण चाले. गैरहजर राहणाऱ्याला दंड होई. फिरत्या चिटणीसपदामुळे प्रत्येक सदस्य दोन-अडीच वर्षांत एकदा तरी बाकी सगळ्यांच्या घरात डोकावून जाई; कोणाचा जिना कुठे, कोणाचे गोदाम किती भरलेले, हे त्याला माहीत होई. आगीच्या वेळी ही ओळख कोणत्याही यंत्राइतकी उपयोगी पडत असली पाहिजे.

सर्वांत माणुसकीचे कलम विधवांविषयी आहे. एखादा सदस्य वारला, तर त्याच्या विधवेला ती पुन्हा लग्न करेपर्यंत, पती जिवंत असताना मिळाली असती तशीच मदत संकटकाळी मंडळाने करायची. अट एकच : बादल्या आणि पोती तिने तयार ठेवायची. स्त्रियांना सदस्यत्व नव्हते, तरी या कलमामुळे त्यांची नावे मंडळाच्या जबाबदारीत आली.

आग विझवण्याची पद्धत : विहीर, पंप किंवा नदीपासून आगीपर्यंत माणसांच्या दोन रांगा लागत. एका रांगेतून भरलेल्या बादल्या हातोहात पुढे जात, दुसरीतून रिकाम्या परत येत. रिकाम्या बादल्यांच्या रांगेत बायका आणि मुलेही असत. बंब असला तरी बादल्यांची रांग चुकत नसे, कारण त्या काळचा बंब म्हणजे चाकांवरची लाकडी टाकी होती आणि ती बादल्यांनीच भरावी लागे. लंडनच्या रिचर्ड न्यूशॅम यांनी १७२० च्या दशकात पेटंट घेतलेला बंब वसाहतींत लोकप्रिय होता. त्याच्या दोन्ही बाजूंच्या लांब दांड्या माणसे वर-खाली ओढत, काही जण वर उभे राहून पायांनी जोर देत आणि आतल्या दोन पंपांमुळे पाण्याची धार जवळजवळ अखंड निघे. बंब घराच्या अगदी जवळ न्यावा लागे. लोखंडी आकड्यांनी पेटलेली छपरे आणि भिंती ओढून पाडणे, म्हणजे आगीचे खाद्य काढून घेणे, हा आणखी एक उपाय होता.

करारातली भाषा सदस्यांच्या घरांपुरती असली, तरी भिंतीला भिंत लागलेल्या गावात शेजाऱ्याचे घर जळू देऊन स्वतःचे वाचवणे अशक्यच होते. मंडळाचे सार्वजनिक रूप या व्यवहारातूनच घडले.

विस्तार : फ्रँकलिन यांच्या आत्मचरित्रानुसार मंडळात तीस सदस्य जमले. आणखी लोक येऊ लागले तेव्हा त्यांना वेगळे मंडळ काढण्याचा सल्ला दिला गेला. १७३८ मध्ये फेलोशिप, १७४२ मध्ये हँड-इन-हँड आणि पाठोपाठ इतर मंडळे निघाली. एकच मोठे दल करण्यापेक्षा लहान मंडळांची साखळी करण्याचा हा निर्णय दूरदर्शी होता. तीस जण एकमेकांना ओळखतात, दंड वसूल होतो, गैरहजेरी लपत नाही. जमलेल्या दंडातून बंब, शिड्या आणि आकडे घेतले गेले. मंडळे निघाल्यापासून एका वेळी एक-दोन घरांहून जास्त कधी जळाली नाहीत, असे फ्रँकलिननी समाधानाने लिहिले आहे.

मंडळाची सभा ही गावातल्या कर्त्या लोकांची बैठकही होती. १७४७-४८ मध्ये फ्रेंच आणि स्पॅनिश जहाजांच्या भीतीने डेलावेअर नदीवर तोफांचा मोर्चा उभारण्यासाठी सोडत काढली गेली. मंडळाच्या शिलकीतले साठ पौंड सोडतीच्या तिकिटांत घालावेत, असा प्रस्ताव आला. तीस सदस्यांपैकी बावीस क्वेकर, म्हणजे युद्धाला विरोध करणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाचे, होते आणि युद्धसामग्रीला हातभार लावणे त्यांच्या धर्मतत्त्वांत बसत नव्हते. प्रत्यक्ष सभेत विरोधाला एकटे जेम्स मॉरिस आले. ठराव आठ विरुद्ध एक मतांनी मंजूर झाला. गरज पडली असती तर आठ क्वेकर ठरावाच्या बाजूने मत द्यायला जवळच्या खानावळीत थांबले होते, असे फ्रँकलिन सांगतात. ठराव फसलाच असता तर त्या पैशातून ‘फायर इंजिन’ घ्यायचे ठरवून तोफ घेऊ, कारण तोफ हेही आगीचे यंत्रच, असे ते मित्र फिलिप सिंग यांना म्हणाले होते.

विमा : माल वाचवण्याच्या करारातून पुढची पायरी म्हणजे नुकसान वाटून घेण्याचा करार. १७५२ मध्ये फिलाडेल्फिया कॉन्ट्रिब्यूशनशिप ही परस्पर अग्निविमा संस्था निघाली. एकमेकांची मनगटे धरलेल्या चार हातांचे शिशाचे चिन्ह विमाधारकाच्या घरावर लावले जाई. चिन्ह नसलेली घरे अग्निशमन मंडळे जळू देत, ही पुष्कळदा सांगितली जाणारी गोष्ट फिलाडेल्फियाला लागू करता येत नाही. लंडनप्रमाणे येथे विमा कंपन्यांची स्वतःची पथके नव्हती. विझवणारे स्वयंसेवक होते. घरापुढे झाडे असलेल्यांना ही संस्था विमा नाकारू लागल्यावर १७८४ मध्ये अशा घरांसाठी दुसरी संस्था निघाली आणि तिने झाडाचेच चिन्ह घेतले.

पुढील काळ : १८०१ मध्ये शहराला नळाचे पाणी मिळू लागले. १८०३ मध्ये फिलाडेल्फिया होज कंपनी निघाली आणि चामडी नळ थेट पाणीपुरवठ्याला जोडता आल्याने बादल्यांची रांग मागे पडली. मंडळांची संख्या वाढली, तसे त्यांचे रूपही पालटले. सुखवस्तू घरमालकांच्या जागी तरुण कारागीर आले. कोणाचा बंब आधी पोहोचतो यावरून चढाओढ आणि मारामाऱ्या होऊ लागल्या. सदस्यत्वाच्या भिंतीही उंच होत्या : १८१८ मध्ये कृष्णवर्णीय नागरिकांनी आफ्रिकन फायर असोसिएशन काढली, तेव्हा गोऱ्या मंडळांनी एवढा विरोध केला की ती लगेच बंद करावी लागली. आपल्या घरांचे आणि शेजाऱ्यांचे रक्षण करण्याचा जो हक्क १७३६ मध्ये काही गृहस्थांनी कोणाची परवानगी न मागता घेतला, तोच या नागरिकांना नाकारला गेला. शहराच्या अग्निशमन इतिहासातला हा अन्याय फ्रँकलिन यांच्या कर्तबगारीइतक्याच ठळकपणे नोंदवायला हवा.

१८७१ मध्ये फिलाडेल्फियाने पगारी नगर अग्निशमन दल सुरू केले आणि स्वयंसेवी मंडळांचा काळ संपला. १७५२ ची विमा संस्था मात्र आजही काम करते.