रुग्णसुरक्षा संशोधन आणि नागपूर

रुग्णालयात दाखल झालेल्या माणसाला मूळ आजारामुळे नव्हे, तर उपचारातील चुकीमुळे, उशिरामुळे किंवा तिथेच लागलेल्या संसर्गामुळे जी इजा होते ती मोजणे, तिची कारणे शोधणे आणि ती टाळण्याचे उपाय खरेच लागू पडतात का हे तपासणे, या अभ्यासाला रुग्णसुरक्षा संशोधन म्हणतात. औषधाची चुकलेली मात्रा, भलत्याच बाजूची शस्त्रक्रिया, रक्तातून आलेला विषाणू, सतत पडून राहिल्याने पाठीला झालेल्या जखमा (शय्याव्रण) हे सगळे यात येते. गुणवत्तेचा प्रश्न याहून मोठा आहे: योग्य उपचार, योग्य वेळी, परवडेल असा आणि माणुसकीने मिळाला का?

या अभ्यासाचे मूळ बाळंतिणींच्या वॉर्डात आहे. व्हिएन्नात १८४७ मध्ये डॉक्टर इग्नाझ सेमेलवाइस यांना दिसले की सुईणींच्या वॉर्डापेक्षा डॉक्टरांच्या वॉर्डात कितीतरी जास्त बाळंतिणी तापाने दगावतात. डॉक्टर शवविच्छेदनाहून थेट प्रसूतीला येत. क्लोरीनच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे केल्यावर मृत्यू झपाट्याने घटले. पुढे १९६६ मध्ये अव्हेडिस डोनाबेडियन यांनी गुणवत्ता तपासण्यासाठी रचना, प्रक्रिया आणि परिणाम अशी तीन अंगे सांगितली. न्यूयॉर्क राज्यातील तीस हजारांहून अधिक केसपेपर तपासून १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३.७ टक्के रुग्णांना उपचारामुळेच इजा झाल्याचे आढळले. त्यानंतर हा विषय दडवून ठेवणे कठीण झाले.

या संशोधनाने विचारण्याचा प्रश्नच बदलला. डोपामिन आणि डोब्युटामिन या औषधांची नावे जवळपास सारखी आहेत. रात्रपाळीला एकाच सिस्टरकडे भरलेला वॉर्ड असेल, दोन्ही खोकी एकाच फळीवर असतील आणि केसपेपरवरचे अक्षर लागत नसेल, तर चूक एका हाताची दिसली तरी ती घडण्याची तयारी आधीच झालेली असते. सिस्टरला निलंबित केले तरी फळी तशीच राहते. म्हणून कोण चुकले यापेक्षा ही चूक रुग्णापर्यंत पोहोचताना वाटेत कुठेच का अडली नाही, हे शोधणे अधिक उपयोगाचे ठरते. औषधांची नावे सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहावीत, हा २०१६ मधील नियम याच विचारातला आहे.

नागपुरात हा अभ्यास सोपा नाही. मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, स्थापना १९४७), मेयो आणि डागा या रुग्णालयांत शहरातले रुग्ण येतातच. शिवाय गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाकडून आणि मध्य प्रदेश-छत्तीसगडमधूनही ‘रेफर’ केलेले रुग्ण येतात, अनेकदा फार उशिरा. खासगीत पैसे संपल्यावर अखेरच्या अवस्थेत हलवलेल्या रुग्णाचा मृत्यूही सरकारी रुग्णालयाच्याच खात्यावर पडतो. त्यामुळे नुसते मृत्यूचे आकडे शेजारीशेजारी मांडून एखाद्या रुग्णालयाला वाईट ठरवणे अन्यायाचे आहे. रुग्ण कोणत्या अवस्थेत आला, वय काय, वाटेत किती तास गेले हे हिशेबात धरल्याशिवाय तुलना होऊ शकत नाही. दुसरी अडचण नातेवाइकांची. ट्रॉली ढकलणे, सलाईन संपत आली की सिस्टरला हाक मारणे, रुग्णाला कुशीवर वळवणे, बाहेरून औषध आणणे ही कामे इथे घरचे लोक करतात. परदेशी मोजपट्ट्यांत या घरच्या माणसाला जागाच नाही. तो वॉर्डातला सर्वांत जागा पहारेकरी असतो, आणि कुणी काही न सांगितल्यामुळे कधीकधी धोकाही. माझ्या मते विदर्भातल्या संशोधनाची सुरुवात त्याच्यापासून व्हायला हवी.

रक्ताचा प्रश्न या भागात विशेष जिव्हाळ्याचा आहे. विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे प्रमाण मोठे आहे, आणि थॅलेसेमिया या दुसऱ्या आनुवंशिक रक्तविकाराच्या मुलांना तर दर काही आठवड्यांनी रक्त घ्यावे लागते. रक्त घेतल्यानंतर नागपुरातील चार थॅलेसेमियाग्रस्त मुलांना एचआयव्हीची बाधा झाल्याचे आणि त्यांपैकी एकाचा मृत्यू झाल्याचे मे २०२२ मध्ये उघड झाले. संसर्ग झाल्यानंतर सुरुवातीचे काही दिवस एलायझा या रक्ततपासणीच्या नेहमीच्या चाचणीत तो दिसत नाही. थेट विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी नॅट चाचणी हा काळ कमी करते, शून्यावर आणत नाही. आयुष्यभर रक्त घेणाऱ्या मुलासाठी तो उरलेला धोका पुन्हापुन्हा समोर येतो.

नागपूरजवळच्या भंडारा जिल्हा रुग्णालयातील नवजात कक्षाला ९ जानेवारी २०२१ रोजी आग लागून दहा अर्भके दगावली. वीजभार आणि अग्निसुरक्षा हेही रुग्णसुरक्षेचेच विषय आहेत.

उपाय तपासावे का लागतात, याचे उत्तर उत्तर प्रदेशात मिळाले. दिल्लीसह जगातील आठ शहरांत शस्त्रक्रियेआधीची तपासणीयादी वापरल्यावर मृत्यूचे प्रमाण १.५ वरून ०.८ टक्क्यांवर आल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले होते. तशीच यादी प्रसूतीसाठी उत्तर प्रदेशात वापरली गेली. कर्मचाऱ्यांच्या कामाच्या पद्धती सुधारल्या, पण २०१७ च्या निष्कर्षांत माता-बालमृत्यू घटलेले दिसले नाहीत. कागद आला तरी मनुष्यबळ, रक्त आणि पुढच्या रुग्णालयाची सोय आपोआप येत नाही.

नागपूरचा सहभाग असलेले एक मोठे काम प्रसूतीतल्याच संसर्गाबद्दल आहे. सात देशांतल्या सुमारे २९ हजार गर्भवतींवरील औषधचाचणीत भारतातून नागपूर आणि बेळगाव ही केंद्रे होती. कळा सुरू असताना अझिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाची दोन ग्रॅमची एकच मात्रा तोंडावाटे दिल्यावर आईला गंभीर जंतुदोष (सेप्सिस) होण्याचे किंवा मातामृत्यूचे प्रमाण २.४ ऐवजी १.६ टक्के राहिले, असे २०२३ मध्ये जाहीर झाले. बाळांच्या मृत्यूत मात्र फरक पडला नाही.