लूप गोल निघायला हवा

रिमोटवरच्या विमानाला लूप, म्हणजे हवेत उभं वर्तुळ, मारायला लावणं फारसं अवघड नाही. रिमोटवरची दांडी, म्हणजे स्टिक, मागे ओढून धरली की ते कोलांटी घेतंच. अवघड आहे तो लूप गोल काढणं. चढताना वेग पडतो, उतरताना वाढतो. तळाशी पंखांना वजनही पेलायचं असतं आणि विमान वळवायचंही असतं. माथ्यावर मात्र गुरुत्वाकर्षणच वळायला मदत करतं. त्यामुळे स्टिक एकाच जागी धरली तर वरचं टोक आवळतं आणि आकार बिघडतो. म्हणून माथ्याजवळ स्टिक थोडी सैल सोडायची, चढताना थ्रॉटल (इंजिनाचा जोर) वाढवायचा, उतरताना कमी करायचा. एवढं करूनही वारा असला की अख्खं वर्तुळ एका बाजूला वाहत जातं, तेही सावरायचं.

‘एफ३ए’ या आंतरराष्ट्रीय स्पर्धाप्रकारात याचेच गुण मिळतात. विमानाची लांबी आणि पंखांची रुंदी प्रत्येकी २ मीटरच्या आत, वजन ५ किलोच्या आत. उडवायचं पायलटपासून साधारण १५० मीटरवर, मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना ६० अंश आणि वरही ६० अंश, एवढ्याच चौकटीत. पहिली जागतिक स्पर्धा १९६० साली स्वित्झर्लंडमध्ये झाली आणि अमेरिकेच्या एड काझमिर्स्कीने ती जिंकली.

परीक्षक पायलटच्या मागेच बसतात. खऱ्या विमानात बसून कसरती करणाऱ्याला स्वतःचा लूप बाहेरून कधीच दिसत नाही. इथे पायलटला आणि परीक्षकांना जवळजवळ एकच चित्र दिसतं, त्यामुळे सबब सांगायला जागा उरत नाही. उलट एक अडचण वाढते: विमान तोंड करून आपल्याकडे येऊ लागलं की डावं-उजवं उलटं होतं, आणि पाठीवर उडत असेल तर एलेव्हेटरही (नाक वर-खाली करणारी शेपटीवरची झडप) उलटा. नवशिक्यांची बरीच विमानं इथेच जमिनीला भेटतात.

पायलटच्या खांद्याशी एक माणूस उभा असतो, कॉलर. पुढची कसरत कोणती, रोल (स्वतःच्या लांबीभोवती घेतलेल्या गिरक्या) किती, हे तो वाचून सांगतो, कारण पायलटला विमानावरची नजर काढून कागदाकडे बघणं परवडत नाही. वारा फिरला, विमान फार लांब गेलं, तेही तोच सांगतो. चांगला कॉलर मिळणं नशिबाचा भाग, असं मला वाटतं.

याच्या अगदी उलट स्वभावाची उड्डाणं म्हणजे ‘थ्रीडी’. १९७४ साली कॅसिनोमालक बिल बेनेट यांनी लास वेगासमध्ये ‘टूर्नामेंट ऑफ चॅम्पियन्स’ सुरू केली. पुढे तिथे मोठमोठी विमानं आणि मनमोकळ्या कसरती आल्या. थ्रीडीत विमान नाक वर करून हवेत नुसतं लटकतं. पुढे जाण्याचा वेग शून्य, पंखांचा उपयोग जवळपास नाही. सगळा भार प्रोपेलर पेलतो आणि त्याचाच झोत शेपटीवरून जात असल्यामुळे रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारी झडप), एलेव्हेटर काम करत राहतात. प्रोपेलर एका दिशेला फिरतो म्हणून विमान सावकाश उलट दिशेला गिरकी घेतं, त्याला ‘टॉर्क रोल’ म्हणतात. पण एफ३एच्या रेखीव उड्डाणात हाच टॉर्क, म्हणजे पीळ, नकोसा होतो. तिथे काहीजण एकाच अक्षावर उलटसुलट फिरणारे दोन प्रोपेलर बसवतात. मग एकाचा पीळ दुसरा मारतो.

२.४ गिगाहर्ट्झचे रेडिओ येण्यापूर्वी दोघांनी एकाच चॅनेलवर ट्रान्समीटर चालू केला की विमान पडलंच म्हणून समजा. त्यावर अनेक क्लबांचा उपाय म्हणजे मैदानावर एक फळी आणि चॅनेलचा आकडा लिहिलेले कपड्यांचे चिमटे. चिमटा तुमच्याकडे असेल तरच ट्रान्समीटर चालू करायचा. आताचे रेडिओ आपापल्या ट्रान्समीटरचीच आज्ञा ओळखतात, त्यामुळे चिमट्यांचं काम संपलं.

विमानाचं हलणं ओळखून ते आपोआप सावरणारी उपकरणं, म्हणजे जायरो, मात्र आता स्वस्त झालीत आणि हौशी उड्डाणात सर्रास वापरली जातात. एफ३एमध्ये त्यांना बंदी आहे. काहींना हा हट्ट वाटतो. मला तो पटतो, कारण वाऱ्याचा धक्का जायरोनेच खाल्ला तर गुण द्यायचे कुणाला?