५०२ दिसतो म्हणजे नेट शाबूत आहे

कापूस गाडीत भरून वणीला न्यायचा की पांढरकवड्याला, हे आता बरेच जण फोनवर भाव बघून ठरवतात. ऐन वेचणीत ॲप अडलं की गावात निदान ठरलेलं: "नेट नाही चालून राह्यलं, भाऊ." पण पडद्यावर ५०२ किंवा ५०४ हा बिघाडाचा आकडा आला असेल, तर नेट चालू आहे. तो आकडा दूरच्या सर्व्हरनंच पाठवलेला असतो.

अशी ॲप्स बहुधा बाजारभावाच्या एपीआयला, म्हणजे भाव पुरवणाऱ्या सेवेला, थेट विचारत नाहीत. मध्ये क्लाउडवर भाड्यानं घेतलेलं व्हर्च्युअल मशीन, म्हणजे इंटरनेटवरचा संगणक, असतं आणि त्यावर प्रॉक्सी, म्हणजे निरोप पोचवणारा मधला प्रोग्राम, चालते. एपीआयची गुप्त की (किल्लीसारखा सांकेतिक मजकूर) तिच्याकडे राहते. फोनमध्ये ठेवली तर कुणीही काढून घेईल. शिवाय एकदा आणलेला भाव ती थोडा वेळ साठवून सगळ्यांना देते.

५०२ म्हणजे प्रॉक्सीला पलीकडून धड उत्तर मिळालं नाही. ५०४ म्हणजे ठरल्या वेळेत उत्तरच आलं नाही. दुरुस्तीची खरी दिशा या फरकातच सापडते.

प्रॉक्सी पलीकडच्या, म्हणजे भाव देणाऱ्या, यंत्राच्या एका पोर्टवर (क्रमांक दिलेल्या दारावर) जोडणी मागते. यंत्र सुरू आहे, पण त्या पोर्टवर एकही प्रोग्राम ऐकत नाही, असं असेल तर लिनक्स, म्हणजे त्या यंत्राची ऑपरेटिंग सिस्टिम, तत्काळ नकार कळवतं. प्रॉक्सीच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, "कनेक्शन रिफ्यूज्ड" (जोडणी नाकारली) आणि १११ हा क्रमांक उमटतो, फोनला ५०२ जातो. याचा अर्थ रस्ता मोकळा आहे, प्रोग्राम मेला आहे. कमी मेमरीच्या स्वस्त मशीनवर हे हमखास घडतं: मेमरी संपली की लिनक्स एखादा प्रोग्राम स्वतःच मारून टाकतं आणि कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) लॉगमध्ये तशी नोंद ठेवतं. ती नोंद आधी शोधावी.

नको त्या जोडण्या अडवणारी फायरवॉल मात्र बहुधा नकारही कळवत नाही, आलेलं डेटाचं पाकीट गुपचूप टाकून देते. प्रॉक्सी वाट पाहत बसते. एन्जिनएक्स या प्रॉक्सी प्रोग्राममध्ये ही मुदत मुळात ६० सेकंदांची असते. ती संपली की ५०४. तेव्हा प्रोग्राम उकरण्यात दिवस घालवू नये. क्लाउडच्या फायरवॉलचे नियम बघावेत, मशीनच्या आतलीही फायरवॉल बघावी. एक उघडी आणि दुसरी बंद, हा घोटाळा फार सापडतो.

मशीनमध्ये शिरून कर्लनं (पत्त्याला विचारणा करणाऱ्या साधनानं) विचारलं तर उत्तर येतं, बाहेरून नकार मिळतो, असं असेल तर प्रोग्राम फक्त १२७.०.०.१ या पत्त्यावर ऐकत असण्याची दाट शक्यता. तो पत्ता मशीनचा स्वतःपुरता असतो. प्रॉक्सी त्याच मशीनवर असेल तर ही मांडणी उत्तमच. वेगळ्या मशीनवर असेल तर पत्ता बदलावा लागतो.

आणि रीस्टार्ट केल्याबरोबर सगळं सुरळीत झालं तर? एन्जिनएक्स साध्या मांडणीत एपीआयच्या नावाचा आयपी पत्ता (आकड्यांतला पत्ता) सुरू होतानाच शोधून ठेवतं. पुढे तो बदलला तरी ते जुन्याच पत्त्यावर जात राहतं. म्हणून रीस्टार्टआधी लॉगमधला पत्ता उतरवून घ्यावा आणि आजच्या पत्त्याशी ताडून पाहावा. दोन्ही वेगळे निघाले, तर चालू असतानाही नावाचा पत्ता पुन्हा शोधला जाईल अशी रिझॉल्व्हरची मांडणी करायला हवी. नाहीतर पुढच्या बदलाला गाडी पुन्हा तिथेच अडेल.