सुरीचे लाकडी म्यान

एखाद्या ठरावीक सुरीच्या मापाने हाताने केलेले लाकडी आवरण. लाकडाचा एकच तुकडा उभा चिरून दोन फाका करतात, दोन्हींना आतून पात्याच्या आकाराची खाच देतात आणि फाका पुन्हा जुळवून चिकटवतात. या खाचेला सुतार पात्याचे ‘घर’ म्हणतात, आणि घर जमले की म्यान जमले. चांगल्या म्यानात पाते फक्त तोंडाशी धरलेले असते. आत ते सगळीकडून मोकळे राहते आणि धार कशालाही टेकत नाही. हे साधले नाही तर वरून कितीही पॉलिश केले, तरी ते म्यान सुरी काढता-घालता धार मारत राहते.

मराठीत म्यान म्हटले की तलवार आठवते, कारण ‘एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत’ ही म्हण सगळ्यांच्या तोंडी आहे. तलवारीचे म्यानही असेच दोन पातळ लाकडी फाकांचे करत. त्यावर कातडे किंवा मखमल चढवून तोंडाशी मोहनाळ आणि टोकाशी तहनाळ ही धातूची टोपणे बसवत. नेपाळी खुकरीचा ‘दाप’ आतून लाकडाचा आणि वरून कातड्याचा असतो. जपानमध्ये होनोकी या मऊ लाकडाच्या फाका भाताच्या खळीने चिकटवतात, म्हणजे पुढे आतून साफ करायचे झाल्यास म्यान न फोडता उकलता येते. सोलापूरची ओळख चादरीची, म्यानाची नाही. म्यान इथे ज्याला हवे त्याने स्वतः करायचे किंवा ओळखीच्या सुताराकडून करून घ्यायचे हातकाम आहे. त्याची गरज मात्र खरी आहे. सांगोला-मंगळवेढ्याकडे डाळिंबाची गुटी बांधताना (म्हणजे फांदीला झाडावरच मुळे फोडून रोप करताना) फांदीची साल बोटभर रुंदीने गोल काढावी लागते आणि तो चाकू दिवसभर खिशात वागवावा लागतो. हुरड्याच्या दिवसांत शेतावर न्यायची सुरी असते, आणि घरातली आईची जुनी पोलादी सुरीही असते, जी एरवी टॉवेलच्या चिंधीत गुंडाळून फडताळात पडलेली असते.

चिंधी हीच पोलादाची वैरीण आहे. कापड ओल धरून ठेवते आणि चिंधीच्या घडीबरहुकूम पात्यावर गंजाची रेघ उमटते. कातड्याचे म्यान वापरायला सोयीचे असले, तरी कमावलेल्या कातड्यात आम्ल आणि क्षार असतात. त्यामुळे साध्या पोलादाची सुरी त्यात महिनोन्महिने ठेवू नये. कोरडे, मुरलेले लाकूड या दोन्हींपेक्षा चांगले. स्टेनलेसच्या पात्याला गंजाची भीती कमी, पण धार आपटून बोथट होण्याची भीती तितकीच.

लाकूड निवडण्यातच निम्मे काम आहे. सागवान सर्वांत भरवशाचे. ते फारसे आकसत-फुगत नाही आणि त्यातल्या तेलकटपणामुळे लोखंडाला सोसते. त्यात वाळूसारखे सूक्ष्म कण असतात, म्हणून पटाशी वरचेवर पाजवावी लागते, एवढाच त्रास. शिवणीचे लाकूड हलके आणि कोरायला मऊ. बाभूळ सोलापूरच्या माळावर मुबलक आणि चिवट, मुठीला उत्तम, पण तिच्यातल्या टॅनिन या तुरट द्रव्यामुळे ओल लागताच लोखंड काळे पडते, म्हणून म्यानाला ती घेऊ नये. चिंचेचे लाकूड खाटकाच्या ओंडक्याला शोभते, एवढ्या लहान कामाला ते फार कठीण आणि जड.

सोलापुरात एक चीज अशी मिळते, जी नव्या लाकडाच्या वखारीत मिळत नाही. जुनी माळवदाची घरे पाडली जातात तेव्हा छताच्या तुळया, कड्या, दारांच्या चौकटी भंगारात येतात. दोन-तीन पिढ्यांचे उन्हाळे-पावसाळे खाल्लेले हे लाकूड आता आकसायचे तेवढे आकसलेले असते. असा वीतभर सागवानी तुकडा हाती लागला तर सोडू नये. आधी वाळवीची भोके पाहावीत, मग लोहचुंबक फिरवून आत मोडलेला खिळा नाही ना, याची खात्री करावी. करवतीचे दात त्याच खिळ्यावर जातात. नवेच लाकूड घ्यायचे असेल तर ते थोडे जाड चिरून सावलीत ठेवावे आणि दर आठवड्याला काट्यावर तोलावे. वजन उतरायचे थांबले की लाकूड वाळले. सोलापूरचा एप्रिल-मे चाळिशीच्या वरचा असतो. ओल्या लाकडाचे म्यान त्या उन्हात सांध्यावर उकलते, आणि सांधा उकलतो तो नेमका धारेच्या बाजूने.

मापाचे उदाहरण घेऊ. पाते १२ सेंमी लांब, २५ मिमी रुंद आणि पाठीशी २.५ मिमी जाड असेल, तर तुकडा १४ सेंमी लांब, ४० मिमी रुंद आणि करवतीची वाट (चिरताना भुसा होऊन जाणारे लाकूड) धरून १८ मिमी जाड हवा. लाकडाच्या रेषा लांबीच्या दिशेने सरळ गेलेल्या असाव्यात. चिरण्यापूर्वी एका कडेवर पेन्सिलीने तिरपी रेघ मारून ठेवली की फाका पुन्हा जशाच्या तशा जुळतात. आतल्या बाजूंना रंधा मारून त्या उजेडासमोर एकमेकींवर धराव्यात. फटीतून उजेड दिसता कामा नये.

मग पाते एका फाकेवर ठेवून टोकदार पेन्सिलीने त्याची कड उतरवायची आणि दुसऱ्या फाकेवर तीच आरशातल्यासारखी उलट. कड पटाशीने हलकी खोचून घ्यायची, मग गोल पटाशीने दोन्हीकडे सव्वा-दीड मिलिमीटर खोल घर काढायचे. पाठीकडे घर पुरते खोल आणि धारेकडे उथळ होत गेलेले हवे, कारण पातेही तसेच निमुळते असते. धारेपुढे मात्र केसभर जास्त लाकूड काढावे. या टप्प्यावर घाई करणारा मनुष्य म्यान नव्हे, खोका करतो.

घर जमले की नाही, हे डोळ्याला कळत नाही, ते काजळी सांगते. दिव्यावर धरून पात्याला पातळ काजळी चढवायची, पण पात्याला आच लागू द्यायची नाही, नाहीतर धारेचे पाणी, म्हणजे तिचा कडकपणा, उतरते. दोन्ही फाका हाताने मिटून सुरी सरळ आत सरकवायची आणि बाहेर काढून फाका उघडायच्या. जिथे काळा ठिपका उमटला तिथे पाते लागते आहे. तेवढाच ठिपका खरवडायचा, पाते पुसून पुन्हा काजळी चढवायची. पहिल्या वेळी घर काळे-काळे होते, सहाव्या-सातव्या वेळी तोंडाशी दोन्हीकडे एकेक पट्टी तेवढी राहते. ती राखायची, कारण तीच पकड. धारेच्या रेषेत एकही ठिपका उरू देऊ नये. शेवटी घरातली सगळी काजळी आणि भुसा ब्रशने झाडून काढायचा.

चिकटवताना पूर्वी सरस वापरत, आता फेविकॉल. तो कडेने बारीक लावावा आणि घराच्या काठापासून तीन-चार मिलिमीटर जागा कोरडी सोडावी. दाबल्यावर तो आत सरकतोच, आणि आत वाळलेला थेंब पात्यावर कायमचा ओरखडा काढत राहतो. क्लॅम्प नसेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळावी. पकड चारी बाजूंनी सारखी येते. दोरी गुंडाळून खाली पाचरी ठोकण्याची रीतही तितकीच चांगली. एक पूर्ण दिवस हात लावू नये. टोकाशी तीन मिलिमीटरचे भोक ठेवावे, आत गेलेले पाणी आणि कचरा त्यातून बाहेर पडतो.

बाहेरचा आकार ज्याच्या-त्याच्या आवडीचा. रंधा, कानस, मग पॉलिश पेपर. धारेच्या बाजूची भिंत मात्र पाच-सहा मिलिमीटरच्या खाली उतरवू नये. परीक्षा गादीवर घ्यावी. म्यान उलटे धरले तर सुरी पडू नये आणि अंगठ्याने मुठीला रेटा दिला की सुटावी. सैल वाटली तर तोंडापाशी धारेच्या पुढच्या अंगाला आडवे भोक पाडून बांबूची खुंटी घालावी. सुरी काढताना म्यान पाठीच्या बाजूने धरावे, धारेच्या बाजूला बोटे नकोत. हे मुलांना पहिल्या दिवशीच शिकवावे.

वरून जवसाचे तेल द्यावे. सोलापूरकडे पिढ्यान्‌पिढ्या खाल्ले जाणारे करडईचे तेलही हवेने सुकणारे आहे, पातळ हात दिला तर चालते, फक्त वेळ जास्त लागतो. सुकणारे कोणतेही तेल आत जाऊ देऊ नये, घर चिकट होते. जवसाच्या तेलाची चिंधी चुरगाळून टाकणे धोक्याचे. ती आपोआप तापून पेट घेऊ शकते, म्हणून पसरून वाळवावी. पात्याला मात्र शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पुरतो.

डाळिंबाच्या बागेत वापरणाऱ्याने आणखी एक जपावे. तेल्या हा डाळिंबाचा जिवाणूजन्य रोग छाटणीच्या अवजारांतूनही एका झाडावरून दुसऱ्यावर जातो, म्हणून चाकू सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवतात. ते द्रावण पोलादाला खाते. चाकू साध्या पाण्याने धुऊन, फडक्याने पुसून, कोरडा करूनच म्यानात घालावा. चिकाने माखलेला चाकू तर कधीच नाही. एकदा रोग आत गेला की म्यान त्याचे घर होते आणि लाकडाला आतून धुता येत नाही.

कायद्याच्या दृष्टीने, १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने निव्वळ घरगुती किंवा शेतीच्या कामासाठी केलेल्या वस्तू शस्त्राच्या व्याख्येतून वगळल्या आहेत.

खंडेनवमीला सोलापुरात माग, हत्यारे आणि अवजारे पुजतात, तेव्हा सुऱ्याही म्यानातून बाहेर येतात. पावसाळा नुकताच सरलेला असतो. त्या दिवशी पाते उजेडात फिरवून गंजाचा ठिपका शोधावा, रिकामे म्यान टोकाकडचे भोक खाली करून तळहातावर ठोकावे आणि सांध्यावरून नख फिरवावे. नख अडकले तर म्यान उकलून पुन्हा चिकटवायला हीच वेळ. आठवडाभर ऊन दिल्यावरच सुरी परत आत जाते.