कोशातल्या लोणकढ्या थापा

विकिपीडियात खोटा मजकूर सापडला की सगळा दोष इंटरनेटच्या माथी मारला जातो. छापील कोशही धुतल्या तांदळासारखे कधीच नव्हते. अमेरिकेत १८८७ ते १८८९ या काळात निघालेल्या ‘ॲपल्टन्स’ चरित्रकोशातले काही शास्त्रज्ञ मुळात जन्मालाच आले नव्हते. जॉन हेंडली बार्नहार्ट या वनस्पतिशास्त्रज्ञाने ते उघडकीस आणलं १९१९ मध्ये. तोवर तीस वर्षं तो कोश ग्रंथालयांत बिनबोभाट वापरला जात होता.

काही नोंदी तर संपादकांनीच पेरलेल्या. १९७५ च्या ‘न्यू कोलंबिया एन्सायक्लोपीडिया’त लिलियन व्हर्जिनिया माउंटवीझल ही छायाचित्रकार भेटते. ती पूर्ण काल्पनिक. कुणी कोशाची नक्कल केली तर अशा नोंदीवरून पकडता येतं. जर्मनीतल्या ‘शिरेंबेल’ या वैद्यकीय कोशात १९८३ मध्ये दगड खाणारी ऊ आली, ती मात्र निव्वळ गंमत म्हणून. विनोदकार लोरिओची ही निर्मिती. १९९४ मध्ये ती वगळली, वाचक नाराज झाले आणि १९९७ मध्ये ती परत आली.

अमेरिकी पत्रकार एच. एल. मेन्केन यांची थाप मला जास्त महत्त्वाची वाटते. २८ डिसेंबर १९१७ रोजी त्यांनी अमेरिकेतल्या न्हाणीच्या टबाचा संपूर्ण कपोलकल्पित इतिहास वृत्तपत्रात छापला. १९२६ मध्ये आपण सगळं रचलं होतं असं त्यांनी स्वतःच जाहीर केलं. तरी व्हाइट हाऊसमधला पहिला टब राष्ट्राध्यक्ष फिलमोर यांनी बसवला, हे पुढे कित्येक वर्षं छापून येत राहिलं. खुलासा थापेच्या मागे धावतो आणि बहुतेक वेळा मागेच राहतो.

विकिपीडिया सुरू झाला २००१ मध्ये. २००५ मध्ये जॉन सीगेनथेलर या पत्रकाराचा संबंध थेट केनेडी हत्येशी जोडणारा मजकूर तिथे चार महिन्यांहून अधिक काळ तसाच राहिला. सहकाऱ्याची गंमत करायची होती, असं तो लिहिणाऱ्याने नंतर सांगितलं. ज्याच्यावर खुनाचा संशय ओढवला त्याने ही गंमत कशी सोसायची? त्यानंतर इंग्रजी विकिपीडियावर नवं पान तयार करायला खातं सक्तीचं झालं. त्याच वर्षी डिसेंबरात ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकाने दोन्ही कोशांतले, विकिपीडिया आणि ब्रिटानिकातले, ४२ वैज्ञानिक विषय तपासले. प्रत्येक लेखामागे विकिपीडियात सुमारे चार चुका निघाल्या, ब्रिटानिकात तीन. पण त्या तपासणीतून नजरचुकीने झालेल्या चुका मोजल्या गेल्या. मुद्दाम केलेल्या खोडीचं गणित वेगळं असतं.

ते कसं, हे कोआटी या प्राण्याच्या पानावर दिसतं. २००८ मध्ये एका अमेरिकी विद्यार्थ्याने तिथे ‘ब्राझिलियन आर्डवार्क’ असं आणखी एक नाव घातलं. ते त्यानेच रचलेलं होतं. ब्रिटिश वृत्तपत्रांनी ते नाव उचललं. मग त्याच नावाला पुरावा म्हणून विकिपीडियात वृत्तपत्राचा संदर्भ जोडला गेला. पान वृत्तपत्राकडे बोट दाखवतं, वृत्तपत्राने ते पानावरूनच घेतलेलं. नवख्या वाचकाला संदर्भ दिसतो, हे वर्तुळ दिसत नाही.

आपल्या अगदी जवळचं उदाहरण गोव्यातल्या डिचोलीचं (इंग्रजीत बिचोलिम) आहे. जुलै २००७ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर ‘बिचोलिम संघर्ष’ हा लेख आला: १६४०-४१ मध्ये पोर्तुगीज आणि मराठा साम्राज्य यांच्यात गोव्यात झालेलं युद्ध. त्याच वर्षी त्याला ‘चांगला लेख’ असा दर्जा मिळाला. १६४० मध्ये शिवाजी महाराज दहा वर्षांचे होते, स्वराज्याची स्थापना व्हायची होती आणि डिचोली आदिलशाहीत होती. मराठी शाळेत इतिहास शिकलेल्या कुणालाही पहिल्याच ओळीत शंका आली असती. पण ज्यांनी लेख तपासला त्यांनी मांडणी, भाषा आणि तळटीपा पाहिल्या. लेखावर तो दर्जा पाच वर्षं राहिला. २०१२ च्या अखेरीस एका संपादकाने तळटीपांतली पुस्तकं शोधायला घेतली, तेव्हा ती अस्तित्वातच नसल्याचं दिसलं. लेख काढून टाकण्यात आला. तोवर त्याच्या नकला इतर संकेतस्थळांवर पोहोचल्या होत्या. विकिपीडियाने मूळ मजकूर आता बनावट लेखांच्या यादीत, वर ठळक सूचना लावून, जपून ठेवला आहे.