उत्थित किनाऱ्यावरील हिमोढ

हिमानीने (हिमनदीने) मागे टाकलेले हिमोढ (माती-धोंड्यांचे ढीग), ड्रमलिन (लांबट टेकड्या) व एस्कर (बर्फाखालच्या प्रवाहांनी साचवलेले लांब बांध) समुद्रतळातून हळूहळू वर येताना लाटांनी धुतले जातात. अशा बदललेल्या भूरूपांसाठी ‘उत्थित किनाऱ्यावरील हिमोढ’ ही संज्ञा येथे वापरली आहे. बर्फाचा भार उतरल्यावर भूकवच समस्थायित्वामुळे (भारानुसार खचण्याच्या व उचलले जाण्याच्या गुणामुळे) वर येते. स्वीडन व फिनलंड यांमधील बॉथनियाच्या आखाताच्या उत्तर भागात हा वेग आजही वर्षाला सुमारे ९ मिमी. आहे.

किनारा सरकतो आहे हे स्वीडिश खगोलशास्त्रज्ञ अँडर्स सेल्सियसने १७३१ मध्ये खडकावर खूण करून नोंदवले, मात्र त्याच्या मते पाणी आटत होते. स्कॉटिश शास्त्रज्ञ प्लेफेअरने १८०२ मध्ये जमीन वर येत असल्याचे मत मांडले. बर्फाच्या भाराशी या उत्थानाचा संबंध स्कॉटिश भूवैज्ञानिक जेमिसनने १८६५ मध्ये जोडला.

जमीन वर येताना प्रत्येक पातळीला लाटांच्या पट्ट्यात ठरावीक काळ मिळतो. बारीक माती व गाळ खोल पाण्यात वाहून जातो, माथ्यावर धोंडे उरतात, उतारावर पुळणीचे बांध साचतात. उत्थान जलद असेल किंवा किनारा आडोशाचा असेल, तर मूळ आकार बराचसा टिकतो. स्वीडनमधील स्कूलेबर्ग येथे प्राचीन किनारा २८६ मी. उंचीवर आहे. त्याखालचे उतार धुऊन उघडे पडले आहेत. लाटा न पोहोचलेल्या माथ्यावर मात्र हिमानी माती व झाडी शाबूत आहे.

फिनलंडच्या क्वार्केन द्वीपसमूहातील समांतर, काही मीटर उंचीच्या हिमोढांविषयी मतभेद आहेत. स्वीडिश भूवैज्ञानिक द येर याने असा प्रत्येक बांध एका वर्षाचा मानला. पुढील अभ्यासकांपैकी काहींनी एका वर्षात अनेक बांध होऊ शकतात असे दाखवले, तर काहींनी ते बर्फाखालच्या भेगांत दाबला गेलेला गाळ मानले. लाटांनी लहान बांध पुसले गेल्याची शक्यता असल्याने केवळ बांध मोजून वर्षे ठरवण्याचे धाडस करू नये, असे वाटते. क्वार्केनमध्ये दरवर्षी सुमारे १ चौ. किमी. नवी जमीन उघडी पडते. याउलट अमेरिकेतील बॉस्टन बंदरात समुद्रपातळी सापेक्षतः वाढल्याने ड्रमलिनांचे कडे कापले गेले.

पुण्याहून हरिहरेश्वरला जाणाऱ्या अभ्याससहलींत दिसणारा तरंगघर्षित मंच (लाटांनी झिजवलेला सपाट खडक) बेसाल्टमध्ये कोरलेला आहे; हिमोढाशी त्याची गल्लत करू नये. पुण्याच्या परिसरात हिमानी निक्षेप नाहीत. महाराष्ट्रातले असे निक्षेप चंद्रपूरकडील तालचेर नावाच्या प्राचीन खडकथरांत असून ते सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीचे मानले जातात.