साक्ष खोटी ठरणं आणि खून सिद्ध होणं: पिस्टोरियस खटल्यात लोकांची गल्लत कुठे झाली

आरोपी कोर्टात धडधडीत खोटं बोलतोय असं दिसलं की आपण लगेच म्हणतो, 'मग खून यानेच केला.' या वाक्यात दोन निरनिराळे निष्कर्ष एकत्र आले आहेत. एक साक्षीच्या विश्वासार्हतेबद्दलचा, दुसरा गुन्ह्याबद्दलचा. ऑस्कर पिस्टोरियसच्या खटल्यात ते जगासमोर वेगळे झाले आणि अनेकांना ते सहनच झालं नाही.

१४ फेब्रुवारी २०१३ च्या पहाटे या दक्षिण आफ्रिकी धावपटूने टॉयलेटच्या बंद दारातून चार गोळ्या झाडल्या. आत त्याची मैत्रीण रीव्हा स्टीनकॅम्प होती. ती मरण पावली. घरात चोर शिरलाय असं वाटलं, हा त्याचा बचाव. भांडणानंतर जाणूनबुजून मारलं, हे सरकार पक्षाचं म्हणणं. रीव्हाची बाजू सांगायला रीव्हा उरली नव्हती. त्यामुळे एप्रिल २०१४ मध्ये प्रिटोरियाच्या हायकोर्टात तो स्वतः साक्षीला उभा राहिला, तेव्हा त्याच्या प्रत्येक शब्दाकडे लोकांचे कान लागले होते.

कान म्हणण्याचं कारण आहे. खटला टीव्हीवर थेट दाखवला जात होता, त्यासाठी २४ तासांची खास वाहिनी निघाली होती, पण त्याच्या साक्षीच्या वेळी फक्त आवाज ऐकवला जाई. रीव्हाच्या कुटुंबाची त्याने मागितलेली माफी, त्याचे हुंदके, सरकारी वकील गेरी नेल यांची निर्दय उलटतपासणी, सगळं लोकांनी ऐकलं. कुणाला तो पश्चात्ताप वाटला, कुणाला नक्राश्रू. एकच रडणं ऐकून दोन्ही बाजूंची आधीची मतं पक्की झाली. रडण्यावरून अपराध ओळखता येत नाही. पश्चात्तापाने खचलेला माणूस रडतो, तसाच पकडला गेलेलाही.

तो खोटं बोलला का, हा प्रश्न मात्र रास्त होता. आधी म्हणाला, जीव धोक्यात वाटला म्हणून गोळी झाडली. मग म्हणाला, विचार करायच्या आत झाडली गेली, कुणाला मारायचा हेतूच नव्हता. ही दोन विधानं एकमेकांशी जुळत नाहीत. न्यायाधीश थोकोझिले मासिपा यांनी निकालात त्याला अतिशय वाईट साक्षीदार म्हटलं. सरतपासणीत, म्हणजे स्वतःच्या वकिलाच्या प्रश्नांना उत्तरं देताना, नीट बोलणारा माणूस उलटतपासणीत उत्तरं टाळत होता, हेही त्यांनी नोंदवलं. तरीही ११ आणि १२ सप्टेंबरच्या निकालात त्यांनी त्याला खुनातून सोडलं आणि निष्काळजीपणाने घडलेल्या मनुष्यवधासाठी दोषी धरलं. आरोपी असत्य बोलला म्हणजे तो दोषीच, असा निष्कर्ष दर वेळी निघत नाही, हे त्यांनी स्पष्ट केलं. भांडणाचा सरकार पक्षाचा पुरावा त्यांना पुरेसा वाटला नव्हता. निकालावर लोक भडकले.

मला या खटल्यातला सर्वांत बोलका भाग एका छोट्या आरोपात दिसतो, ज्याची चर्चा फारशी झालीच नाही. जानेवारी २०१३ मध्ये एका रेस्टॉरंटमध्ये त्याच्या हातातल्या पिस्तुलातून गोळी सुटली होती. आपण ट्रिगर दाबलाच नाही, असं तो शपथेवर म्हणाला. तेही मासिपांना पटलं नाही, आणि इथे त्यांनी त्याला दोषी ठरवलं. कारण ट्रिगर दाबल्याशिवाय त्या पिस्तुलातून गोळी सुटत नाही, असा तज्ज्ञाचा पुरावा होता. माणूस तोच, कोर्टाचा अविश्वासही तोच. फरक साक्षीबाहेरच्या पुराव्याने पाडला.

आपल्याकडे हे तत्त्व पुण्यातल्या एका खटल्यामुळे पक्कं झालं. १९८४ च्या शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सरकार पक्षाने स्वतःच्या पायावर उभं राहायला हवं, बचावाच्या दुबळेपणावर नव्हे. आरोपीचा खोटा बचाव हा फार तर जादा दुवा होऊ शकतो, तोही पुराव्याची साखळी आधीच पूर्ण असेल तर. वकिलीच्या पहिल्या वर्षांत हा निकाल पाठ होतो. बातम्या पाहणाऱ्यांपर्यंत तो पोहोचत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. आपल्याकडे आरोपी शपथेवर साक्ष देण्याचे प्रसंग मुळात थोडे. बहुतेक जण न्यायाधीशांच्या प्रश्नांना बिनशपथ जबाब देऊन थांबतात. त्या जबाबावरूनही पानटपरीवर निकाल लागतोच.

डिसेंबर २०१५ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या अपील न्यायालयाने पिस्टोरियसला खुनासाठी दोषी ठरवलं. अखेर त्याचा खोटेपणा उघडा पडला, असं तेव्हा बरेच जण म्हणाले. त्याची नेमकी बाजू कोणती हेच समजत नाही, असं अपील न्यायालयालाही वाटलं होतं. पण खून सिद्ध झाला तो वेगळ्या आधारावर. दारामागे रीव्हा असो वा चोर, एवढ्याशा जागेत चार गोळ्या घातल्या तर आतला माणूस मरू शकतो, हे त्याला कळत असलंच पाहिजे, आणि कळूनही त्याने गोळ्या झाडल्या. दारामागे चोर आहे असं त्याला वाटलं, हे खरं धरलं तरी हा निष्कर्ष बदलत नव्हता.